वेगळं पातेलं नको : एकाच चुलीवर आहार कसा निवडावा?

वाङ्मय मंडळाच्या मागच्या बैठकीचा विषय होता 'माळव्यातल्या मराठी घरांतलं खाणं'. अपेक्षेप्रमाणे चर्चा पोहे-जिलेबी, गराडू, भुट्ट्याचा कीस असं करत करत थेट सराफ्यात जाऊन पोचली. बैठक संपल्यावर द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांनी मला जपून खायला सांगितलंय. पण फक्त मलाच. घरात बाकी सगळे सगळं खातात. रोज जेवायला बसलं की वाद. कसं जमवायचं?"

उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझा होता. "लिहून देते," म्हटलं. तो हा लेख. मी आहारतज्ज्ञ नाही, मराठी शिकवते. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारायचं. पण वाचून, विचारून आणि मुख्य म्हणजे चुकून जे शिकले, ते धड्यासारखं क्रमाने मांडते आहे.

१. कागदावरचा आकडा

धाकट्याच्या वेळी गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं की अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करत राहा. मी 'हो' म्हटलं आणि अकरा वर्षं विसरले. एक्केचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तर एचबीएवनसी ६.२ आलं.

हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते. एकटी नव्हते म्हणा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज आहे.

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं का? येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी आढळलं. नुसत्या गोळीने झालेली घट २६.४ टक्के होती. म्हणजे ताट बदलण्यात गोळीइतकी ताकद आहे. हे वाचलं आणि मला हुरूप आला. तिथेच पहिली चूक झाली.

२. एकोणीस दिवस

मी मोबाइलवरून एक तयार तक्ता उतरवून घेतला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, रात्री किनवा आणि ऑलिव्ह तेल. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने यादी पाहून विचारलं, "ये सब घर के लिए है ना, मॅडम?" त्याच्या प्रश्नात अर्थ होता. घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, पंधरा वर्षांची मुलगी आणि धाकटा. यादी फक्त माझ्या एकटीची होती.

रोज सकाळी मी पाच जणांचा स्वयंपाक करायची आणि मग माझ्यासाठी एक लहानसं पातेलं वेगळं मांडायची. नवरा म्हणायचा, "आज काय, गवत की पाला?" धाकटा इंदुरी थाटात म्हणायचा, "आई, एक जिलेबी से क्या होता है यार!" मी चिडायची, आणि चिडून दुसऱ्यांची ताटं मोजायची. "अहो, ही तिसरी पोळी," असं ह्यांना म्हटल्यावर त्यांनी मुद्दाम चौथी घेतली. सासूबाई मात्र काहीच बोलायच्या नाहीत. त्या पातेल्याकडे बघायच्या आणि आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायच्या.

एकोणिसाव्या दिवशी रात्री साडेदहाला, दिवा न लावता, मी ओट्याशी उभी राहून डब्यातून शेव खात होते. मूठभर नव्हे, जवळजवळ पाव किलो. मागे सासूबाई पाणी प्यायला आल्या. वाटलं, आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "खा. पण बसून खा. आणि उद्यापासून ते वेगळं पातेलं मांडू नकोस गं. या घरात वेगळं पातेलं तुझ्या सासऱ्यांसाठी लागायचं. शेवटची तीन वर्षं."

माझं लग्न होण्याआधीची ती गोष्ट मला नुसती ऐकून माहीत होती. सासऱ्यांना मधुमेह होता, पुढे मूत्रपिंडं गेली. अळणी भाजी, मोजलेलं पाणी, वेगळं शिजवलेलं सगळं. हे सासूबाईंनी तीन वर्षं केलं, आणि एक दिवस ते पातेलं घासून वर ठेवलं. मी फडताळातून काढलेलं पातेलं नेमकं तेच होतं. त्यांचं गप्प राहणं मी विरोध समजत होते. ती भीती होती.

माझ्या अभ्यासाची खरी सुरुवात त्या रात्री झाली.

३. डाएट, पथ्य आणि उपास

आपलं मंडळ वाङ्मयाचं, तेव्हा शब्दांपासून सुरू करू. एकाच गोष्टीला आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्हींची घरातली किंमत वेगवेगळी आहे.

'डाएट' म्हटलं की थट्टा होते. त्यात हौस, फॅशन, चार दिवसांचा उत्साह असं सगळं गृहीत असतं. 'पथ्य' म्हटलं की कुणी थट्टा करत नाही, पण त्या शब्दाबरोबर आजार घरात येतो. आमच्या घरात तर तो शब्द नकोच होता.

तिसरा शब्द 'उपास'. याची गंमत पाहा. उपासाच्या दिवशी एकच माणूस वेगळं खातो आणि कुणाला राग येत नाही. एकादशीला कुणी आजीला "घे की एक पोळी, काय होतं?" असं म्हणत नाही. का? तर उपासाचा दिवस ठरलेला असतो, सगळ्यांना आधीच माहीत असतो. नियम थोडे आणि स्पष्ट असतात. आणि उपास करणारा माणूस दुसऱ्याला उपदेश करत नाही, निदान करू नये. (साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स आरोग्याचे नव्हेत, ते सोडा. घ्यायची आहे ती उपासाची रीत, फराळ नव्हे.)

म्हणजे वेगवेगळी खाणारी माणसं सांभाळणं आपल्या स्वयंपाकघरांना नवीन नाही. बाळंतीण, म्हातारी माणसं, दात येणारं मूल, उपासकरी अशा सगळ्यांची सोय त्याच चुलीवर होत आली. आपली योजना या ओळीत बसली तर टिकते. बाहेरून आणून बसवली तर एकोणीस दिवस.

४. आधी गरज आहे का, ते पाहा

इथे विद्यार्थ्यांसाठी थांबते. वजनकाट्यावर किंवा मैत्रिणीच्या फोटोवर आपली गरज ठरवू नका.

आपल्याकडचा माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबी बाळगून असू शकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी मापं कडक धरतात: बीएमआय २३ च्या आत, कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत. काटा नसला तरी शिवणाचा टेप घरात असतोच.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. अशा मुलीने 'डाएट' म्हणून डाळ, दूध, पोळी सोडणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. जेवण चुकवणं, चोरून खाणं, खाऊन ओकारी काढणं, पाळी थांबणं, सतत आरशाचाच विचार येणं, यातलं काही होत असेल तर तो आहाराचा प्रश्न राहिलेला नाही. घरच्या किंवा कॉलेजातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. यात लाजण्यासारखं काही नाही.

५. योजनेला विचारायचे चार प्रश्न

डॉक्टरांनी 'आहार बदला' म्हटल्यावर समोर दहा योजना येतात. त्यांतली कुठली चांगली हा प्रश्न अर्धाच. माझ्या घरात कुठली चालेल हा उरलेला अर्धा. त्यासाठी मी चार प्रश्न ठरवले.

एक: यासाठी रोज वेगळा स्वयंपाक लागेल का?
दोन: यातल्या वस्तू आपल्या मंडईत आणि किराण्यात मिळतात का, वर्षभर परवडतील का?
तीन: सणवार, लग्नकार्य, पाहुणे आले की ही योजना मोडेल की नुसती वाकेल?
चार: पाच वर्षं करता येईल का?

किटो ही योजना पहिल्याच प्रश्नावर पडली. तीत धान्य जवळजवळ वर्ज्य आणि बहुतेक डाळीही वर्ज्य. शाकाहारी मराठी घरात मग उरतं काय? रोज दुसरं पातेलं मांडणं आलंच.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली योजना आपल्या लोकांना ठाऊक आहे. दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, गोड टाळायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. हिचं मोठं बळ असं की घरातलंच जेवायचं, वेगळं काही रांधायचं नाही. माझ्या एका सहकाऱ्याला ती उत्तम मानवली. मला नाही, कारण माझे तास सकाळी लवकर असतात, रिकाम्या पोटी पित्त होतं, आणि रविवारचा नाश्ता ही आमच्या घरात पाचही जण एकत्र बसण्याची एकुलती एक वेळ. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडूच नयेत.

ऋजुता दिवेकर यांचं सांगणं वेगळं. आपल्या मातीतलं, ऋतूप्रमाणे, आजीच्या हातचं खा, थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. हे आमच्या घरात सगळ्यांना एकदम पटलं. पण सगळ्यांनी त्यातलं फक्त 'तूप' ऐकलं. 'थोडं' कुणालाच ऐकू आलं नाही. दोष सांगणारीचा नव्हता, आमच्या कानांचा होता.

चौथी योजना साधी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत एक ताट आखून दिलं आहे. दिवसाच्या सुमारे २००० कॅलरींच्या हिशेबाने भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. डोळ्यांनी पाहायचं तर ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा. ही योजना चारही प्रश्नांना पुरून उरली. हिच्यात नवीन पदार्थ एकही नाही, प्रमाण तेवढं नवीन.

६. डावी बाजू मोठी करा

आपल्या पारंपरिक ताटाची मांडणी आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात आणि पोळी. डावी बाजू म्हणजे तोंडी लावणं, चमचाभर. माझी सगळी योजना एका वाक्यात सांगते: डाव्या बाजूची कोशिंबीर चमच्यावरून वाटीवर न्यायची आणि मधला भाग आटोपता घ्यायचा.

प्रत्यक्षात ते असं झालं.

कोशिंबीर किंवा नुसती चिरलेली काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबी: एक मोठी वाटी. चटणी आणि लोणचं मात्र चमचाभरच, कारण त्यात मीठ आणि तेल.

उजवीकडे भाजी दुप्पट. यात बटाटा धरायचा नाही. बटाटा पोळी-भाताच्या हिश्शात जातो. हे धाकट्याला अजून मान्य नाही.

पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, मटकी-मूग-चवळीची उसळ किंवा दही. तुमच्या घरी अंडी, मासे, चिकन होत असेल तर ते याच पाव हिश्शात.

पोळ्या चारावरून दोन, आणि भाताची एक लहान मूद. किंवा एक पोळी कमी करून भात थोडा जास्त. दोन्ही पोटभर नाही.

क्रमही बदलला. आपल्याकडे जेवणाची सुरुवात वरण-भाताने होते. मी आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, शेवटी पोळी-भात असं सुरू केलं. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतर साखर कमी चढते, असं प्रयोगांत दिसलं आहे. जेवणानंतर गच्चीत दहा-पंधरा मिनिटं चालते, त्याचाही फायदा होतो. सणाच्या दिवशी मात्र पहिला घास वरण-भाताचाच. तिथे योजना वाकते, मोडत नाही.

रविवारचे पोहे सोडले नाहीत. उत्तर इंदूरनेच दिलं: उसळ-पोहे. सगळ्यांसाठी तेच, माझ्या बशीत उसळ जास्त आणि पोहे कमी. वर शेव चिमूटभर. ३० ग्रॅम शेवेतही दीडशेच्या वर कॅलरी असतात, म्हणून ती आता मुठीने नाही, चिमटीने. जिलेबी एक, रविवारी, सगळ्यांच्या देखत, बसून.

चहाचा हिशेब केला तेव्हा मी दचकले. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे. आठ चमचे म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर, तीही चहातच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. महिन्याभराने जुना चहा मलाच पाकासारखा लागला.

७. माणसांवर नको, किराण्याच्या यादीवर बोला

घरातली इतर माणसं 'डाएट'वर नव्हती आणि नसणार होती. पण तेल, साखर, मीठ या तीन गोष्टी सगळ्यांच्या पातेल्यात एकत्र पडतात. त्यांचं काय? कुणाचंही ताट न मोजता हे मोजण्याची एक युक्ती सापडली: महिन्याचा किराणा भागिले माणसं भागिले तीस दिवस.

तेल-तुपाचे दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे माणशी महिन्याला साधारण ९०० मिली. पाच जणांना साडेचार लिटर. आमच्याकडे तेल सहा लिटर येत होतं, तूप वेगळं, आणि विकतच्या शेवेतलं तर हिशेबातच नाही. साखर एकूण कॅलरींच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायची तर दिवसाला माणशी सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो. आमच्याकडे पाच किलो, शिवाय बिस्किटं आणि मिठाई. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे पाच जणांना पाऊण किलो. आमच्याकडे किलोभर संपायचं, पापड-लोणची धरून नव्हे.

हा कागद मी सासूबाईंपुढे ठेवला. त्यात कुणाचं नाव नव्हतं, दोष नव्हता, नुसता भागाकार होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोडणी माझ्याकडे दे. मी घालते मोजून." पुढच्या चार महिन्यांत तेल सहावरून पाच लिटरवर आलं. चव गेली असं कुणी म्हटलं नाही, कारण फोडणी त्यांच्या हातची होती.

८. आग्रह आणि 'वाढणं'

मराठीत 'वाढणे' या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. ताटात अन्न घालणं आणि मोठं होणं. ही निव्वळ गंमत नाही. वाढणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ असतात. म्हणून "नको" म्हटलं की अन्नाला नाही, आपल्याला नाकारल्यासारखं वाटतं.

मी 'नको' हा शब्द जवळजवळ सोडला. आधी "आई, आमटी फार छान झालीये," आणि मग "अर्धी वाटी द्या, पुरे." किंवा "आत्ता नको, चारला घेते," आणि चारला खरंच थोडं घ्यायचं. शब्द पाळला की आग्रह आपोआप सैल होतो. बाहेर, पाहुण्यांकडे, आजाराचं पुराण लावत नाही. ताटात आधीच कोशिंबीर आणि भाजी भरपूर घेऊन बसले की रिकामी जागा दिसत नाही आणि कुणी वाढत नाही.

दुसऱ्याच्या ताटाविषयी एक अक्षर बोलायचं नाही, हा माझा सर्वांत कडक नियम. ह्यांची तिसरी पोळी ही त्यांची तिसरी पोळी.

आणि एक गोष्ट मुलीमुळे शिकले. त्या पहिल्या एकोणीस दिवसांत मी येता-जाता "मी जाड झालेय", "हे खाल्लं की वजन वाढतं" असं बोलत होते. एका आठवड्यात मुलीने दोन रात्री "भूक नाही" म्हणून ताट सारलं. तिसऱ्या दिवशी आरशासमोर ती पोट आत ओढून उभी दिसली. तिच्या वयाला, वाढत्या हाडांना, ते काय करू शकतं या विचाराने मला घाम फुटला. माझा आकडा कमी व्हावा म्हणून मी तिला एक दुखणं शिकवत होते. त्या दिवशी वजनकाटा माळ्यावर गेला. 'जाड' आणि 'वजन' हे दोन शब्द आमच्या जेवणाच्या खोलीतून हद्दपार झाले. आता मी महिन्यातून एकदा, कुणी नसताना, वजन करते.

९. हिशेब

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आलं. वजन चार किलोंनी कमी. वर्षाने, दिवाळीनंतर, ५.९. म्हणजे उंबरठ्यावरून मी अजून पूर्ण खाली उतरलेली नाही, पण पाठ फिरवली आहे. डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." चालू ठेवणं सोपं आहे, कारण आता ही वेगळी योजना राहिलेलीच नाही. रोजच्या जेवणात पाचही ताटांत कोशिंबिरीची वाटी असते. कुणाची मोठी, कुणाची लहान. धाकट्याची अगदीच नावाला.

ते लहान पातेलं सासूबाईंनी परत फडताळात ठेवलं नाही. त्यात त्या आता रोज रात्री सगळ्यांसाठी दह्याचं विरजण लावतात.

त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर एवढंच: घरच्यांना तुझ्यासारखं खायला लावू नकोस आणि स्वतः परक्यासारखी जेवू नकोस. त्याच पातेल्यांतून, वेगळ्या प्रमाणात वाढून घे. आणि तुझ्या घरी कुणी गप्प असेल, तर ते का गप्प आहेत हे एकदा विचार.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या मागच्या महिन्याच्या किराण्यावरून तेल, साखर आणि मीठ यांचं माणशी रोजचं प्रमाण काढा. कागदावर कुणाचंही नाव लिहू नका.

२. तुमचं कालचं रात्रीचं ताट कागदावर काढा. डावी, उजवी आणि मधली बाजू किती भरली होती ते दाखवा.

३. तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या आहारयोजनेला वरचे चार प्रश्न विचारा आणि तुमच्या घरात ती कुठे अडेल ते पाच ओळींत लिहा.

४. 'डाएट', 'पथ्य', 'उपास' यांखेरीज तुमच्या घरात मोजून खाण्यासाठी कुठले शब्द वापरतात? घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारून नोंद करा.

५. आग्रह न दुखावता थांबवणारी तीन वाक्यं लिहा. ती मोठ्याने म्हणून पाहा. कानाला तुटक वाटली तर पुन्हा लिहा.